आयटीआय इलेक्ट्रिशियन झालं, आता अप्रेंटिस करू का डायरेक्ट कंपनीत लागू? जरा सविस्तर सांगतो

एका ताईंनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा आहे: त्यांचा भाऊ येवल्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन पास झालाय, टक्के चांगले आहेत, नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर १४ हजार मिळतायत आणि दुसरीकडे महावितरणची अप्रेंटिसची जाहिरात निघालीय, तिथे त्याच्या निम्मे पैसे. घरचे म्हणतायत एक वर्ष फुकट कशाला घालवायचं, आणि ताईंना कळत नाहीये काय सांगावं.

ताई, अप्रेंटिस करू द्या त्याला. पण मिळेल ती नको, बघून घ्यायची, कारण ही संधी एकदाच असते. एका ट्रेडमध्ये एकदा अप्रेंटिसशिप पूर्ण झाली की त्याच ट्रेडची दुसरीकडे परत करता येत नाही, रेल्वे पण घेत नाही आणि महावितरण पण नाही. म्हणून घाईत कुठल्यातरी छोट्या वर्कशॉपला नाव लावून टाकलं आणि नंतर ओझरच्या एचएएलची (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) जाहिरात आली तर मग हात चोळत बसायचं. मी स्वतः आयटीआय करूनच या लाईनमध्ये आलो, बरीच वर्षं नाशिकच्या अंबडला मेंटेनन्सला काढली, आता सुपरवायझरचं सर्टिफिकेट आणि कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स घेऊन स्वतःची कामं करतो. दरवर्षी नवीन पोरं हाताखाली येतात त्यामुळे दोन्ही रस्त्यांनी गेलेल्यांचं पुढे काय होतं ते रोज बघतोय.

आधी त्या १४ हजाराचं बघू. भावाला सांगा की जॉइन व्हायच्या आधी एवढंच विचार, पगाराच्या स्लिपवर पद काय लिहिणार आणि पीएफ कोणाच्या नावाने भरणार. बहुतेक ठिकाणी पद असतं हेल्पर नाहीतर ऑपरेटर, आणि पीएफ भरतो लेबर कॉन्ट्रॅक्टर, ज्याचा इलेक्ट्रिकलशी काडीचा संबंध नाही. पोरगा दोन वर्षं तिथे प्रेस चालवतो, फार तर ट्युबा बदलतो, आणि मग दोन वर्षांनी अनुभवाचा दाखला मागायला गेला की त्यावर इलेक्ट्रिशियन हा शब्दच नसतो. असा दाखला ना लायसन्ससाठी चालत ना दुसऱ्या कंपनीत. मात्र स्लिपवर खरंच इलेक्ट्रिशियन लिहिणार असतील आणि मेंटेनन्स डिपार्टमेंटलाच घेणार असतील तर गोष्ट वेगळी, मग विचार करायला हरकत नाही. पण फ्रेशरला तसं मिळणं कठीण.

आता अप्रेंटिस म्हणजे नेमकं काय, कारण यात लोकांचा भयंकर गोंधळ आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, त्याखाली ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. इलेक्ट्रिशियनचं आयटीआय दोन वर्षांचं झालेलं असेल तर अप्रेंटिस एक वर्षाची, शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट, आणि ती पास झाली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, ज्याला सगळे एनएसी म्हणतात. आयटीआयचं सर्टिफिकेट वेगळं आणि हे वेगळं, नोकरीच्या फॉर्ममध्ये दोन्हीचे रकाने वेगळे असतात. विद्यावेतन २०१९ च्या नियमात आयटीआय पासला महिना कमीत कमी ७००० ठरवलं, २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, त्यामुळे जाहिरातीत आज जो आकडा असेल तोच धरा. त्यातला काही भाग, १५०० पर्यंत, केंद्र सरकार थेट पोराच्या खात्यात टाकतं.

आणि हे नीट वाचा, कारण इथेच पोरं फसतात. करारनामा पोर्टलवर तयार होतो, त्यात ट्रेडचं नाव असतं. तिथे इलेक्ट्रिशियन असंच पाहिजे, म्हणजे डेझिग्नेटेड ट्रेड, सरकारने ठरवून दिलेला. काही कंपन्या असेंब्ली ऑपरेटर वगैरे नावाने ऑप्शनल, म्हणजे कंपनीने स्वतः ठरवलेल्या ट्रेडमध्ये घेतात, पोरगा खुश की मोठ्या कंपनीत अप्रेंटिस लागला, वर्षाने हातात सर्टिफिकेट पण पडतं, पण ते एनएसी नसतं आणि सरकारी भरतीत कोणी विचारत नाही. तसंच मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, ज्याला लोक लाडका भाऊ म्हणतात, त्यात आयटीआयवाल्याला महिना ८००० मिळायचे, आधी सहा महिने होती मग ११ केली, ती पण अप्रेंटिस नव्हे. पैसे बरे दिसतात म्हणून तिकडे गेलेली पोरं मला येऊन विचारतात की काका एनएसी कधी मिळणार, काय सांगणार त्यांना.

दुसरा गैरसमज म्हणजे अप्रेंटिस केली की तिथेच चिकटवतात. असं काही नाही. कायद्याच्या कलम २२ मध्ये २०१४ च्या दुरुस्तीपासून एवढंच आहे की अप्रेंटिस झालेल्यांना नोकरीवर घ्यायचं धोरण मालकाने स्वतः ठरवायचं. १९९५ मध्ये उत्तर प्रदेश एसटीच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने एवढं म्हटलं की बाकी सगळं सारखं असेल तर तिथे ट्रेनिंग घेतलेल्या शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं, त्यावरून मग लोक सांगत सुटतात की कोर्टाने ऑर्डर दिलीय, घेतीलच. घेतीलच नाही. रेल्वेत मात्र ठोस फायदा आहे, रेल्वेच्याच कारखान्यात अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल १ च्या, म्हणजे जुन्या ग्रुप डीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. मध्य रेल्वेची निवड दहावी आणि आयटीआयच्या मार्कांच्या सरासरीवर होते, परीक्षा नसते, आणि मुंबई, पुणे, सोलापूर, नागपूर याबरोबर भुसावळ पण आहे, जे तुम्हाला मनमाडवरून गाडीत बसलं की सरळ. भुसावळला इलेक्ट्रिक इंजिनं पूर्ण खोलून दुरुस्त करतात, ट्रॅक्शन मोटर हाताने उघडून बघायला मिळणं ही साधी गोष्ट नाही. टक्के खरंच चांगले असतील तर तो फॉर्म सोडू नका. वयाची अट मात्र कडक असते, १५ ते २४, आरक्षणाप्रमाणे सूट.

महावितरणची अप्रेंटिस. इथे जागा जास्त निघतात, मंडळ कार्यालयाकडून निघतात आणि घराजवळ मिळण्याची शक्यता असते, म्हणून गर्दी. शिकायला काय मिळतं ते पूर्णपणे सेक्शनवर आणि तिथल्या लाईनमनवर अवलंबून आहे. चांगला लाईनमन भेटला तर एका वर्षात पोराला डीपी, डीओ फ्यूज, एबी स्विच (पोलवरून लाईन तोडायचा स्विच), जंपर, केबल जॉइंट, सबस्टेशनचा ब्रेकर, मीटरिंग सगळं डोळ्याखालून जातं. वाईट भेटला तर वर्षभर थकबाकीदारांच्या याद्या घेऊन मोटरसायकलवर मागे बसून फिरायचं. दोन्ही बघितलंय.

आणि जीवाचा प्रश्न आहे म्हणून इथे थोडा थांबतो. ११ केव्हीच्या लाईनवर काम करायचं म्हणजे आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं, त्याने फिडरचा ब्रेकर उघडला, आयसोलेट केला, नंबर लिहून दिला. मग साईटवर एबी स्विच उघडायचा. आता हँडल खाली आलं म्हणजे स्विच उघडला असं समजून चढणारे खूप आहेत. हँडल खाली येतं पण जुन्या स्विचची एखादी पाती अडकून तशीच लागलेली राहते, तीनपैकी दोन उघडल्या आणि एक चालूच. म्हणून खाली उभं राहून तिन्ही पात्या डोळ्याने मोजायच्या, संध्याकाळ असेल तर टॉर्च मारून मोजायच्या, हँडलला कुलूप घालायचं. मग ११ केव्हीला चालणाऱ्या व्होल्टेज डिटेक्टरने लाईन चेक करायची, घरातल्या टेस्टरने नव्हे, आणि मग डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार अर्थला जोडायची काठी. त्यात क्रम महत्त्वाचा, आधी रॉडची अर्थची बाजू अर्थला घट्ट बांधायची आणि नंतर हुक तारेला लावायचा, काढताना बरोबर उलटं, आधी तारेवरून हुक काढायचा मग अर्थ सोडायची. आणि जिथे काम आहे त्याच्या दोन्ही बाजूंना लावायचा, कारण सप्लाय फक्त सबस्टेशनकडूनच येतो असं थोडंच आहे. कोणाच्या तरी मंगल कार्यालयात जनरेटर चालू असतो, चेंजओव्हर नीट नसतो, आणि तोच सप्लाय ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढून ११ हजार होऊन तारेत येतो. बंद लाईनवर माणूस मेला अशा बातम्या येतात ना, त्यातल्या कितीतरी अशाच असतात.

भावाला हे पाठ करायला सांगा आणि अजून एक, अप्रेंटिस हा कायद्याने शिकाऊ आहे, कामगार नाही. एकटं पोलवर चढवणं, लाईनमन खाली चहा प्यायला गेला आणि तू वर जा असं सांगणं, हे चालत नाही, नाही म्हणायचं. मी एका अशा पोराला ओळखतो की ज्याला दुसऱ्याच आठवड्यात वादळानंतर रात्री झुल्याशिवाय, म्हणजे सेफ्टी बेल्टशिवाय चढवलं होतं, माणसं कमी होती म्हणून. पडला, हात मोडला, नशीब चांगलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. अप्रेंटिसला अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची असं कायद्यातच आहे, पण त्यासाठी पोर्टलवर करार नोंदलेला पाहिजे, म्हणून करार रजिस्टर होण्याआधी एक दिवस पण कामावर जाऊ नका. ओव्हरटाइम पण शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. कुठे काही अडलं तर जिल्ह्याच्या आयटीआयच्या आवारात बीटीआरआयचं, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारं सरकारी ऑफिस असतं, तिकडे जायचं. कोणी जात नाही, पण जाता येतं.

महावितरणमध्ये पुढचा दरवाजा म्हणजे विद्युत सहाय्यक. २०२३ च्या जाहिरातीत ५३४७ जागा होत्या, तीन वर्षं मानधनावर, पहिल्या वर्षी १५ हजार, मग १६, मग १७, आणि तीन वर्षं नीट काढली की तंत्रज्ञ म्हणून नियमित, मग खरा पगार सुरू. ऑनलाइन परीक्षा असते, त्यात नुसतं ट्रेडचं नाही, गणित, तर्क, मराठी सगळं असतं, आणि आमची पोरं मार खातात ती बरोबर याच तीन विषयांत, ट्रेडमध्ये नाही. जाहिरात दरवर्षी येत नाही आणि आल्यावर निकालाला कधी कधी वर्षं जातात, त्यामुळे सगळं आयुष्य त्या एका फॉर्मवर टांगून ठेवू नका. अप्रेंटिस करता करता रोज तासभर अभ्यास ठेवायचा एवढंच.

प्रायव्हेटचं म्हणाल तर नाशिकचं एक बरं आहे, इथे स्विचगिअर बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांना पॅनल करून देणारे बारके वर्कशॉप दोन्ही भरपूर. पॅनल वायरिंग शिकलेला पोरगा उपाशी राहत नाही. माझ्याकडे कोणी कामाला आला की मी सर्टिफिकेट नंतर बघतो, आधी एक स्टार डेल्टा स्टार्टर (मोठी मोटर कमी झटक्यात सुरू करायचा) समोर ठेवतो आणि विचारतो, २० एचपीची मोटर आहे, फुल लोडला साधारण २८ अँपिअर घेते, ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा, मेन कॉन्टॅक्टरच्या खाली लावलाय, सेट कितीवर करशील. दहातले आठ म्हणतात २८. मोटर डेल्टामध्ये चालताना त्या रिलेमधून लाईनचा करंट जात नाही, वाईंडिंगचा जातो, म्हणजे लाईनच्या ०.५८ पट, सोळाच्या आसपास. २८ वर ठेवला तर मोटर जळेल पण रिले पडणार नाही, शेतकऱ्याची असेल तर रिवाइंडिंगचा खर्च गेलाच आणि वर ऐन पाण्याच्या पाळीत चार दिवस मोटर बंद. हे ज्याला कळलं तो पोरगा मला पाहिजे, त्याला दहावीत किती पडले मी विचारत नाही. पीएलसी (मशीन ऑटोमॅटिक चालवणारा कंट्रोलर) आणि व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) क्लास पुष्कळ निघालेत, वाईट नाहीत, पण जे आधी कॉन्टॅक्टरच्या वायरिंगमध्ये फॉल्ट शोधू शकत नाहीत ते तिथे पैसे घालवून येतात. आधी मल्टिमीटर नीट धरायला येऊ दे.

लायसन्सबद्दल कोणीच पोरांना सांगत नाही म्हणून सांगतो, कारण माझ्या मते या धंद्याची खरी शिडी हीच आहे. इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशनचं काम लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं असा नियम १९५६ च्या विद्युत नियमांपासून चालत आलाय, आता तो केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत आहे. म्हणजे तीन पायऱ्या, तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना, मग सुपरवायझर, मग कॉन्ट्रॅक्टर. आपल्याकडे सगळे याला पीडब्ल्यूडीचं लायसन्स म्हणतात, देतं मात्र अनुज्ञापक मंडळ. प्रत्येक पायरीला अनुभव कागदावर दाखवावा लागतो, म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं की स्लिपवर काय लिहिलंय ते बघा. विद्युत निरीक्षकांचं ऑफिस नाशिकला आहे, तिथे जाऊन आज लागू असलेल्या अटींचा कागद घेऊन यायला सांगा त्याला, एजंटला पैसे देऊ नका. परवाना असलेल्या माणसाला कॉन्ट्रॅक्टर आपणहून शोधत येतो कारण त्याला स्वतःचं लायसन्स रिन्यू करायला तशी माणसं दाखवावी लागतात.

सोलरमध्ये सध्या काम भरमसाठ आहे हे खरं. पीएम सूर्यघर २०२४ ला आली, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, त्यात शेतीचे सौर पंप, फिडर सौर करायचे प्रकल्प, त्यामुळे गावोगावी एजन्स्या निघाल्या. पण एजन्सीवाले पोरांना वापरतात ते स्ट्रक्चर उचलायला आणि पत्र्यांवर चढायला. भाऊ गेलाच तर त्याने डीसी नीट शिकून घ्यावं. घरातल्या २३० व्होल्टची सवय झालेली पोरं पॅनलच्या स्ट्रिंगला (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलना) पण तसंच धरतात, तिथे ५०० ते १००० व्होल्ट डीसी असू शकतं, आणि एसीचा आर्क सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून विझतो तसा डीसीचा विझत नाही, ओढला तरी जळत राहतो. म्हणून लोड चालू असताना एमसी४ कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरींचा जोड, उपटायचा नाही, आणि डीसीच्या जागी एसीची एमसीबी लावायची नाही, भले दुकानदार म्हणू दे चालते म्हणून. सूर्यमित्रचा सरकारी कोर्स आहे, मिळाला तर करावा, पण आयटीआय अधिक परवाना असलेला माणूस एजन्सीत इन्व्हर्टर कमिशनिंगला जातो आणि नुसता कोर्सवाला छतावर राहतो, एवढा फरक पडतोच.

शिक्षण पुढे न्यायचं तर दहावी अधिक दोन वर्षांचं आयटीआय यावर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमा झाला की सुपरवायझरचा रस्ता जवळ येतो आणि महापारेषण, महानिर्मितीच्या वरच्या पदांचे फॉर्म भरता येतात. गणिताची भीती नसेल तर अप्रेंटिस झाल्यावर हे जरूर करावं. ज्याला शिकवायची आवड आहे त्याने सीआयटीएस, म्हणजे निदेशकांचा ट्रेनिंग कोर्स, करावा, मुंबईत चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, आयटीआयला निदेशक व्हायचं तर ते लागतंच. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला पण इलेक्ट्रिशियन चालतो, पण त्या तयारीला वेगळं वर्ष द्यावं लागतं.

दुबईचं कोणी सांगत असेल तर आत्ता नको. दोन तीन वर्षांचा पक्का अनुभव झाल्यावर जावं, आणि एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेटवर बघून, फी ३० हजार अधिक जीएसटीच्या वर घेता येत नाही हे लक्षात ठेवून. लाखभर मागणारा लगेच ओळखू येतो.

आता या आठवड्यात करायचं ते. दहावीच्या मार्कशीटवर, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर आणि आधारवर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का बघा, वडिलांच्या नावात एक काना कमी जास्त असला तरी पोर्टल अडतं आणि पोरं शेवटच्या दिवशी सेतू केंद्रात रांगेत उभी राहतात. बँक खातं आधारला जोडून घ्या नाहीतर केंद्राचा हिस्सा जमा होत नाही. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर प्रोफाइल पूर्ण करा, ट्रेड निवडताना परत एकदा सांगतो, इलेक्ट्रिशियन, डेझिग्नेटेड. महावितरणच्या जाहिरातीत पोर्टलवर अर्ज केल्यावर प्रिंट मंडळ कार्यालयात नेऊन द्यायची अट असते का ते वाचा, बऱ्याचदा असते आणि नुसता ऑनलाइन भरून घरी बसलेले गळतात. भुसावळची जाहिरात मध्य रेल्वेच्या साईटवर येते, ती पण बघत राहा, आणि दोन्हीकडे नंबर लागला तर भुसावळ घ्या. आणि सातपूरच्या कंपनीला आजच नाही म्हणू नका, मेरिट लिस्ट लागेपर्यंत तिथे महिना दोन महिने केलं तर काही बिघडत नाही, फक्त कुठल्या बाँडवर सही करू नका आणि ओरिजिनल कागद कोणाला जमा करायला देऊ नका.